खावचो नाय, तर धरूचो कित्याक?

सुकतीची वेळ आजीला घड्याळाशिवाय कळायची. चूल आवरली की ती रोवळी कमरेवर घ्यायची आणि खाडीवर तिसऱ्या काढायला निघायची. सुट्टीत मालवणला आलेली आम्ही पोरं तिच्या मागून. काका तिथेच खडपावर बसून गरवत असायचा. शहरातल्या मराठीत 'गळ टाकणं' म्हणतात. आमच्याकडे गरी असते आणि माणूस गरवायला जातो. मी आठ वर्षांची असेन. एकदा काकानं सुंगटाचा तुकडा लावून दोरी माझ्या हातात दिली. थोड्या वेळानं तिला जो झटका बसला, तो अजून तळहाताला आठवतो. वीतभर तांबोशी वर आली. मी ती खडपातल्या डबक्यात सोडली, बराच वेळ बघत बसले आणि मग काकाला म्हटलं, हिला परत खाडीत सोडूया. काका हसला. आजीनं चिखलातून मानही वर केली नाही. म्हणाली, "खावचो नाय, तर धरूचो कित्याक?"

तांबोशी त्या रात्री कालवणात होती. प्रश्न मात्र माझ्याबरोबर आला, आणि तोही कुठवर, तर स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिकमध्ये पसरलेल्या एका बेटापर्यंत.

ग्लासगोत राहायला येऊन मला सतरा वर्षं झाली. इथल्या एका सहकाऱ्यानं फ्लाय फिशिंगची काठी पहिल्यांदा हातात दिली, तेव्हा वाटलं होतं की दोन-चार रविवार हौस टिकेल आणि मग काठी माळ्यावर जाईल. तसं झालं नाही. गेली सहा वर्षं जूनमधला एक आठवडा मी साउथ यूस्टवर असते. मालेगच्या धक्क्यावरून बोटीत बसायचं, साडेतीन तास समुद्राकडे बघायचं, आणि लॉखबॉइसडेलला उतरायचं. उतरल्यावर पहिल्यांदा भेटतो तो वारा. माणसं नंतर.

हे बेट दक्षिणोत्तर पसरलेलं, पस्तीसेक किलोमीटर लांबीचं. त्याच्या कण्यासारखा एकच रस्ता आहे आणि या रस्त्याच्या दोन बाजूंना दोन निरनिराळे देश आहेत असं म्हटलं तरी चालेल. पूर्वेला डोंगर. बेन मोर ६२० मीटरचाच, पण समुद्रातून सरळ उठल्यामुळे आहे त्यापेक्षा उंच वाटतो. त्याचा दगड नाइस, वय सुमारे ३०० कोटी वर्षं. आमच्या सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे याच्यापुढे कालचं पोर. या दगडावर पीटचा थर आहे. धड न कुजलेलं शेवाळ आणि गवत हजारो वर्षं साचून झालेली ती काळी, स्पंजासारखी माती. लोक ती विटांसारखी कापतात, वाळवतात आणि शेकोटीत जाळतात. तिच्यातून झिरपलेलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं, आंबटसर आणि कस नसलेलं.

पश्चिमेची गोष्टच वेगळी. तिथे अटलांटिकनं हजारो वर्षं शिंपले कुटून त्यांची पांढरी वाळू केली आणि वाऱ्यानं ती आत आणून पसरली. त्या सपाट, हिरव्या पट्ट्याला गेलिक भाषेत माखिर म्हणतात. पहिल्यांदा शब्द कानावर पडला तेव्हा मला 'मखर' ऐकू आलं. जूनमध्ये तिथली पिवळी-पांढरी-जांभळी फुलं पाहिली आणि वाटलं, कान फारसा चुकला नव्हता. कोकणात पूर्वी शिंपले भाजून चुना करायचे. इथे भट्टी लागत नाही. समुद्र आणि वारा मिळून चुना परस्पर जमिनीत कालवतात. तो तळ्यांत उतरतो. चुना आहे म्हणून गोगलगाईंना शंख मिळतो, गोड्या पाण्यातले सुंगटासारखे बारीक जीव मातब्बर होतात, आणि ते खाऊन मासा माजतो.

मासा म्हणजे ब्राउन ट्राउट, शास्त्रीय नाव साल्मो ट्रुटा. पूर्वेच्या डोंगरतळ्यात तो वीतभर, काळपट, मोठ्या डोक्याचा आणि बारीक अंगाचा. पश्चिमेच्या माखिरवरच्या तळ्यात तोच मासा दीड-दोन पौंडांचा, सोनेरी कुशीचा, आत केशरी मांसाचा. दोन तळ्यांमधलं अंतर कधी कधी चालत तासाभराचं. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. इथे एका कोसावर मासा बदलतो. आणि या माशांना कुणी आणून सोडलेलं नाही. शेवटचं हिमयुग सरलं, बर्फ मागे हटला, तेव्हा दहा-बारा हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज समुद्रातून ओहोळांत शिरले. वर चढले आणि तिथलेच झाले. ज्या तळ्यात राहिले त्या तळ्यानं त्यांना आपला रंग दिला. ट्राउटला गेलिकमध्ये 'ब्रेख्क' म्हणतात. अर्थ साधा आहे: ठिपकेवाला. देवीच्या रोगालाही त्याच शब्दाचं नाव.

आता माशीबद्दल. मराठीत या खेळाची मोठी गंमत होते. मासा आणि माशी एकमेकांना इतके खेटून आहेत की 'माशांची डबी' म्हटलं तर ऐकणाऱ्याला कळू नये डबीत काय आहे. माझ्या डबीत चाळीसेक माश्या आहेत. एकही खरी नाही. गळाच्या दांडीवर दोरा, लोकर आणि पिसं बांधून केलेल्या. त्यातली मला सगळ्यांत जवळची केट मॅक्लारेन, मॅक्लारेन नावाच्या घरातल्या बाईच्या नावाची. नखाएवढ्या गळावर काळ्या केसाळ लोकरीचं अंग, त्यावर रुपेरी तारेचे वेढे, मागे सोनेरी फेझंटच्या तुऱ्यातला एक पिवळा तंतू, अंगभर काळ्या कोंबडीचं पीस फिरवलेलं आणि गळ्याशी तांबूस पिसाचा झुबका. डोळ्यांपुढे धरली तर ती जगातल्या कुठल्याच किड्यासारखी दिसत नाही. पण लाटेच्या पाठीवरून खरडत गेली की खालून बघणाऱ्याला तिच्यात काही तरी जिवंत दिसत असावं. खोटं बोलायचं तर हुबेहूब बोलू नये, थोडं अंधुक बोलावं, हे या माश्या बांधणाऱ्यांना कादंबरीकारांच्या आधी कळलेलं होतं.

काठी दहा फुटांची. दोरीच्या पुढच्या पारदर्शक धाग्यावर तीन माश्या, एकीपासून दुसरी हात-दीड हातावर. काठीच्या सर्वांत जवळची वरची माशी पाण्यावर नाचवायची, बाकी दोन पाण्याखालून तिच्या मागे. बोट वाऱ्याला आडवी धरायची आणि वाहू द्यायची. वारा पाठीशी. दोरी पुढे टाकायची ती लांब नाही, दहा-बारा मीटर. मग बोट दोरीपर्यंत पोहोचायच्या आत ती ओढून घ्यायची, शेवटी काठी उचलायची, आणि वरची माशी लाटेच्या शेंड्यावर क्षणभर तशीच लोंबती ठेवायची. मासा येतो तो बहुधा याच क्षणी, बोटीपासून चार हातांवर, जेव्हा तुमचं लक्ष पुढच्या फेकीकडे गेलेलं असतं. हजारो वेळा दोरी टाकायची आणि प्रत्येक वेळी शेवटचे दोन सेकंद सावध राहायचं. मला हे जमायला तीन जून लागले.

वल्ही सांभाळणारे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत. मी मनातल्या मनात त्यांना तांडेल म्हणते. ते मला नावानं हाक मारतात. नावाचा उच्चार दर वर्षी थोडा सुधारतो. त्यांची पहिली भाषा गेलिक, इंग्रजी शाळेत गेल्यावर आली. पहिल्या दिवशी मी चकचकीत सपाट पाणी बघून खूश झाले होते. ते म्हणाले, "आज घरी जाऊन कपडे धुवून टाक." लाट नसेल तर मासा आकाशासकट तुम्हाला बघतो. पाण्याचं तोंड मोडायला वारा हवाच. आमच्या काकालाही वाऱ्याची भाषा होती. मतलई सुटली की तो वेगळं बोलायचा, समुद्रावरून खारा आला की वेगळं. दोघांची गाठ पडली असती तर तास-दीड तास नुसत्या वाऱ्यावर गेला असता.

तिसऱ्या वर्षी, ग्रोगारीच्या तळ्यावर, मला माझा सगळ्यांत मोठा मासा मिळाला. ढग खाली उतरलेले, नैर्ऋत्येचा वारा, विटकरी रंगाची लाट. काठी उचलली, माशी लोंबली, आणि तिच्याखाली पाणी नुसतं फुगलं. खळखळ नाही, उडी नाही; कुणी तरी आतून उशी सरकवावी तसा एक गुळगुळीत फुगवटा. मग वजन. काठी वाकली, दोरी बोटांतून सरसर गेली, तांडेल वल्हं टाकून बोट वळवू लागले. सहा-सात मिनिटांनी तो जाळीत होता. दोन पौंड आणि वर थोडा. पाठ ओल्या शेवाळासारखी, कूस हळदीची, तिच्यावर काळे ठिपके आणि मध्ये मध्ये चार-पाच लाल, प्रत्येकाभोवती फिकट कडं. हळदीवर कुणी कुंकवाची बोटं उठवावीत तसे.

मी फोन तांडेलांच्या हातात दिला. एक फोटो हलला. दुसऱ्यात माझे डोळे मिटलेले. "आणखी एक," मी म्हटलं. मासा माझ्या दोन्ही हातांत होता, कल्ले उघडझाप करत होते, आणि मी हसत होते. मग त्याला पाण्यात धरला. तांडेलांनी हात बुडवून त्याचं तोंड लाटेकडे केलं, बराच वेळ तसाच आधार दिला. शेपूट हलली, तो गेला. आम्ही दोघं सरळ बसलो. मागे वळून पाहिलं तर पंधरा-वीस फुटांवर काही तरी पिवळं तरंगत होतं. पोट वर. वारा आम्हाला पुढे ढकलत होता. तांडेलांनी वल्ही पाण्यात घालून बोट फिरवेपर्यंत काळ्या पाठीचा एक मोठा कुरव खाली उतरला आणि त्यानं आपलं काम केलं.

तांडेल काही बोलले नाहीत. धक्क्यावर बोट बांधून झाल्यावर एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी फोन गाडीत ठेव."

फोटो चांगला आलाय. मी तो कुणालाही पाठवलेला नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. जूनमध्ये तिथे तशीही रात्र पुरती होत नाही. खिडकीत दुधाळ उजेड असतो आणि गवतातून कॉर्नक्रेक नावाचा पक्षी कंगव्यावर नख ओढल्यासारखा अखंड ओरडत असतो. आफ्रिकेतून एवढा उडून येतो आणि इथे आल्यावर सहसा दिसत नाही, नुसता ऐकू येतो. आजीचंही तसंच झालं होतं. ती मला ऐकू येत होती.

तिचा प्रश्न अडाण्याचा म्हणून बाजूला सारता येत नाही. जर्मनीत तो जवळजवळ कायदाच आहे: सबळ कारणाशिवाय प्राण्याला वेदना द्यायची नाही, पोट हे कारण, मौज नव्हे, म्हणून सोडून देण्यासाठी मासा धरणं तिथे बसत नाही. स्वित्झर्लंडनंही २००९ पासून हेच ठरवलं. आणि वेदना होते का, या शंकेवर निर्धास्त राहण्याची सोय स्कॉटलंडमध्येच गेली. एडिनबरोजवळच्या ज्या रोझलिन संस्थेत डॉली मेंढी जन्मली, तिथल्या प्रयोगशाळेत ट्राउटच्या ओठात मधमाशीचं विष आणि आम्ल टोचून पाहिलं गेलं. निष्कर्ष २००३ मध्ये छापून आले. माशांचा श्वास वाढला. ते तळाशी डुलत राहिले, आम्ल टोचलेले ओठ खड्यांवर घासू लागले. जवळजवळ तीन तास त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही. माशाला वेदना 'जाणवते' म्हणजे नेमकं काय, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण ओठ खड्यावर घासणारा मासा एकदा डोळ्यांपुढे आला की केट मॅक्लारेन तितकीशी देखणी राहत नाही.

मग हा खेळ आला कुठून? इंग्रजांनी आणला म्हणावं तर तेही पुरतं खरं नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. आपल्याकडे तो आठवतो तो त्यातल्या जुन्या मराठी पदांमुळे. त्याच ग्रंथात मत्स्यविनोद नावाचा भाग आहे: कुठला मासा कुठल्या पाण्यात, कुणाला कसलं आमिष, दोरी कशाची, काठी कशी. म्हणजे मराठीच्या अगदी जुन्या खुणा आणि गळाचं शास्त्र एकाच पोथीत शेजारी-शेजारी. राजाला पोटासाठी मासे धरायची गरज नव्हती. विनोद म्हणजे तिथे करमणूक. माशाच्या बाजूनं बघितलं तर आजच्या अर्थानंही विनोदच, पण हसायला येऊ नये असा.

साउथ यूस्टवरही ही करमणूक बराच काळ मालकाची होती. हे बेट एकोणिसाव्या शतकात कर्नल गॉर्डन नावाच्या जमीनदारानं विकत घेतलं. बटाट्याच्या दुष्काळानंतर, १८५१ मध्ये, इथल्या शेकडो कुळांना त्यानं जहाजांत भरून कॅनडाला धाडलं. घरांची छपरं गेली, भिंती राहिल्या. रस्त्यालगत त्या अजून दिसतात. मेंढ्या राहिल्या, मासे राहिले, आणि शिकारीच्या मोसमात येणारे पाहुणे. गेलिकमध्ये एक म्हण आहे. डोहातला ट्राउट, रानातली काठी आणि डोंगरातलं हरीण, या तीन चोऱ्यांची गेल माणसाला कधी लाज वाटली नाही, असा तिचा आशय. तांडेलांनी ती मला ऐकवली तेव्हा डोळा मारला. त्यांच्या आजोबांनी रात्री तळ्यात हात घातला तो मौजेसाठी नव्हे. २००६ मध्ये इथल्या लोकांनी मिळून बेट विकत घेतलं, शेजारच्या बेटांसकट सुमारे ९३,००० एकर. आता मी तळ्याच्या परवान्याचे पैसे देते ते गावाच्या पेटीत जातात. आजोबांनी चोरून धरलेला मासा नातू पावती फाडून दाखवतो. इतिहासाचा न्याय कधी कधी एवढ्याच आकाराचा असतो.

म्हणजे उत्तरं तीन दिसतात. राजा आणि जमीनदार म्हणतात, मौजेसाठी धर. चोर आणि आजी म्हणतात, खाण्यासाठी धर. तिसरं उत्तर महाडजवळच्या वाळणकोंडीत आहे: धरूच नको. तिथल्या डोहातले मासे देवीचे. लोक त्यांना कुरमुरे टाकतात, हात जोडतात आणि निघून जातात. मी लहानपणी पाहिलंय. काळ्या पाठी पाण्यावर येऊन एकमेकांवर चढतात. मला ते आवडलं होतं. पण खरं सांगायचं तर थोडं कंटाळवाणंही वाटलं होतं. बोलावल्यावर येणाऱ्या माशाचं अप्रूप राहत नाही. त्यातूनच मला माझ्याबद्दल एक कळलं. मला मासा खायचाही नव्हता आणि पुजायचाही नव्हता. मला हवं होतं ते त्याचं येणं. हजार वेळा न येऊन एकदा येणं.

दुसऱ्या दिवशी मी तांडेलांना म्हटलं, आज बोट नको. ते म्हणाले, "मग डोंगरात जा. तिथे हवे तेवढे धर. आमच्या घरी चार आणून दे, माझी बायको वाट बघेल." का, ते त्यांनी चालता चालता समजावलं. डोंगरतळ्यांना ओहोळ बरेच, ओहोळांत खडी चांगली. शरद सरता सरता मादी शेपटीनं खडी उकरून अंडी घालते, पिल्लं ढिगानं होतात. खायला मात्र नाही. एका ताटात दहाजण. त्यातले काही उचलले तर उरलेल्यांना घास मिळतो. माखिरवरचा मोठा मासा मात्र सोडावा; त्याला मोठं व्हायला वर्षं लागलेली असतात, आणि पुढची पिढी त्याच्यापाशी आहे. म्हणूनच ७ ऑक्टोबर ते १४ मार्च स्कॉटलंडमध्ये ब्राउन ट्राउटला कायद्यानं हात लावायचा नाही. मला आमची पावसाळी बंदी आठवली, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक होड्या ओढून ठेवलेल्या. कायद्याच्या आधीही नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात जायचं नाही हा रिवाज होताच. गाभोळीनं भरलेली मासळी दिसली की आजीचा हात क्षणभर थांबायचा. खायची ती. पण थांबायची.

डोंगरातलं तळं म्हणजे कातळाच्या ओंजळीत साचलेला चहा. नाव नकाशावर नव्हतं. टिटवीच्या जातीचा तुरेवाला पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होता, मी त्याच्या अंड्यांच्या वाटेत होते बहुतेक. तिसऱ्याच फेकीला मासा. मग पुन्हा. वीत-वीतभराचे, काळेभोर, पण काय जीव त्यांचा! उपाशी घरातली मुलं जशी ताटावर पडतात तसे माशीवर पडत होते. मी सहा ठेवले. प्रत्येकाच्या डोक्यावर लाकडी दांडीचा एकच नेमका घाव. या दांडीला इथे 'प्रीस्ट' म्हणतात, पाद्री; शेवटचा विधी तो करतो म्हणून. हे करताना मी डोळे मिटले नाहीत. कालच्या फोटोत मिटले होते तेवढे पुरे.

ओहोळावर बसून साफ केले. एकाच्या पोटात दोन काळे भुंगेरे, एक पतंग आणि डासांच्या कोषांचा काळा लगदा. एवढ्याशा शिदोरीवर तो जगत होता. आत मांस पांढरंच, माखिरच्या माशासारखं केशरी नाही. त्या डोंगराचा सगळा जमाखर्च माझ्या तळहातावर उघडा पडला होता: किती दगड, किती पाणी, किती किडे, किती वर्षं.

संध्याकाळी तांडेलांच्या बायकोनं ओटमीलच्या भरडीत मासे घोळवले आणि लोण्यात टाकले. चर्र आवाज झाला आणि मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. तो आवाज, तो भरडीचा तांबूस होत जाणारा कडा, सांडशी न घेता बोटांनीच मासा उलटायची ती घाई. आमच्याकडे रवा, इथे ओट. बाकी हात तोच. माझ्या पिशवीत तिरफळं होती, प्रवासात कायम असतात. त्यांनी एक फोडून वास घेतला, शिंकल्या, आणि म्हणाल्या, "हे मला बटाट्यात चालेल." दोन मासे त्यांनी न विचारता माझ्या ताटात वाढले. काटे काढायला मला वेळ लागला नाही. तांडेल बघत होते. म्हणाले, "तू लहानपणापासून खाल्लेले दिसतात." मी म्हटलं, "तुमच्या आजोबांसारखेच. पण आमच्याकडे चोरी नव्हती, खाडी कुणाची नव्हती." ते हसले. "तळंही कुणाचं नसतं," ते म्हणाले, "पावती असली तरी."

त्यानंतरच्या वर्षांत मी माझ्यापुरता एक नियम केलाय. डोंगरातले चार-सहा खायला. माखिरवरचा मोठा आलाच, तर हातात घ्यायचा नाही. जाळीत, पाण्यातच गळ सोडवायचा, बिनकाट्याचा गळ लगेच सुटतो. फोन गाडीत. हा नियम जर्मनीत टिकणार नाही आणि आजीपुढेही नाही, हे मला ठाऊक आहे. नियम चांगला असण्यापेक्षा मला बोचत राहणारा असावा, एवढंच मी पाहते.

गेल्या जूनमध्ये, निघायच्या आदल्या रात्री, मी एकटीच रस्त्याशेजारच्या एका लहान तळ्याकाठी गेले. साडेदहा वाजून गेले होते आणि वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड होता. समुद्राकडून मंद वारा, पाण्यावर बारीक सुरकुत्या. डबीतली एक जुनी केट मॅक्लारेन काढली. पकडीनं तिच्या गळाचा बाक तोडून टाकला. उरली नुसती दांडी, लोकर आणि पिसं. तीच एकटी धाग्याला बांधली आणि टाकू लागले.

अकराच्या सुमारास तो आला. तोच गुळगुळीत फुगवटा. काठीच्या टोकाला एक ठोका, हाताला ओळखीचा, आठ वर्षांच्या तळहातापासून ओळखीचा. मग काही नाही. दोरी हलकी झाली. पाण्यावरचं वर्तुळ रुंदावत काठाच्या गवताला टेकलं. माझं काळीज तेवढंच उडालं होतं जेवढं दोन पौंडांच्या माशाला उडालं होतं. पुढच्या अर्ध्या तासात आणखी दोन आले आणि गेले. कुणाचा ओठ फाटला नाही, कुणाचा श्वास कोंडला नाही. अंगाला गार वारा लागत होता, कॉर्नक्रेक आपला कंगवा ओढत होता, आणि मला वाटत होतं, सापडलं. प्रश्न आता सुटला.

काठी खांद्यावर टाकून मी रस्त्याला लागले. दहा पावलंही झाली नसतील. खाडीच्या चिखलात वाकलेली, रोवळी बाजूला ठेवलेली आजी मान वर न करता म्हणाली, "मगे ती काठी तरी कित्याक?"